अंगठ्याएवढं बटण

कंपनीला पत्ता नाही.
करारावर तालिनमधली एक टपालपेटी आहे,
आणि माझ्याकडे वाल्दिवियातलं हे स्वयंपाकघर,
लाकडाची शेगडी, एक लटपटतं टेबल,
ज्याच्या आखूड पायाखाली
मी जुन्या ऑफिसातलं माझं व्हिजिटिंग कार्ड
घड्या घालून सरकवलंय.

वर्ष झालं.

पहिल्या आठवड्यात सकाळी आठला
लिपस्टिक लावून बसत होते.
कॅमेरा कुणीच लावला नाही.
मग लिपस्टिक गेली, जूनमध्ये बूट गेले,
आणि जुलैत एकदा पाववाल्या बाईशी बोलताना
ती गप्प राहिली तेव्हा मला वाटलं,
माझा आवाज बंद आहे.

माणसं मला बाणांच्या रूपात भेटली.
फाइल उघडली की मारिका जांभळी,
नाकुरूची वांबुई हिरवी,
आणि तोर्मोद, ज्याचा बाण
काही ठरत नसलं की एका जागी गोल गोल फिरतो.
त्याला मी अजून पाहिलेलं नाही,
पण गर्दीत ओळखीन
चालण्यावरून.

आई नदीकाठच्या बाजारात मासे कापते.
डोकी आणि आतडी मागे फेकते,
तिथे समुद्रसिंह आ वासून बसलेले असतात,
प्रत्येकाला तिनं नाव ठेवलंय.
संध्याकाळी हात लिंबानं चोळत विचारते,
आज काय केलंस?
मी सांगते, राखाडी रंगाच्या अकरा छटा केल्या,
त्यातल्या चार राहिल्या.
'रद्द करा' हे 'पुढे'पासून जरा लांब नेलं.
ती मान हलवते,
आजारी माणसाचं ऐकताना हलवतात तशी.

ऑगस्टात शेजारचे दोन एलेउतेरियो गुडघा धरून बसले.
चाळीस वर्षं होड्यांच्या फटी बुजवल्या त्यांनी,
आता स्वतःचीच एक बुजत नव्हती.
दवाखान्यात घेऊन गेले,
आणि दारातच नंबर देणारं यंत्र,
त्यावर माझा पडदा.
माझी राखाडी. माझी चौथी छटा.
मी ती कुठे नांदतेय हे कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी अंगठा टेकवला.
डांबरानं कायमचा काळा झालेला, रुंद,
नखाच्या जागी नुसतं एक टेंगूळ.
रद्द झालं.
पुन्हा टेकवला. रद्द.
मागे कुणीतरी जीभ चुकचुकली.
तिसऱ्यांदा रद्द झालं तेव्हा ते पडद्याला म्हणाले,
'माफ कर, मुली.'

पडद्यालाच म्हणाले.
मी शेजारी उभी होते.

सांगता आलं असतं.
मी हात पुढे करून त्यांच्या वतीनं दाबलं,
माझं बोट बारीक आहे, लगेच झालं.
नंबर सत्तेचाळीस.

बाकावर बसल्यावर मी पावतीच्या पाठीवर
त्यांचा अंगठा ठेवून पेनानं कडेनं रेघ ओढली.
'कसल्या कागदावर अंगठा घेतेस?' ते हसले,
'होडी तर कधीच विकली.'

रात्री एक वाजता, म्हणजे तालिनला सकाळी आठ,
मी त्या पावतीचा फोटो आमच्या फाइलमध्ये
बटणाच्या शेजारी ठेवला. मोजून, खऱ्या मापाचा.
खाली काही लिहिलं नाही.

जांभळा बाण आला. थांबला.
हिरवा आला.
मग तोर्मोद, अंगठ्याभोवती
गोल, गोल, बराच वेळ,
आणि मग, या वर्षात पहिल्यांदाच,
मधोमध येऊन उभा राहिला.

त्याआधी माझं बटण
अंगठ्यात आठदा मावत होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं,
आज काय केलंस?
मी अंगठा वर करून दाखवला.
म्हणजे सगळं ठीक?
नाही, म्हटलं, एवढं मोठं केलं.
तिनं तो आपल्या लिंबाळ मुठीत धरून पाहिला.
'गार पडलाय,' म्हणाली,
'शेगडीत लाकूड घाल आधी.'